माहितीपर मजकुराची मांडणी कशी ओळखायची?

मुक्त विद्यापीठाचे पहिले पुस्तक हाती पडलेले विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेसाठी नाशिकच्या अभ्यासिकांत दिवस काढणारी मुले-मुली, कृषी विभागाची पत्रके वाचणारे शेतकरी, शासन निर्णयांशी नव्याने गाठ पडलेले ग्रामपंचायत सदस्य, या सगळ्यांची एक तक्रार सारखीच असते. शब्द कळतात, वाक्ये कळतात, पण प्रकरण संपल्यावर "यात काय सांगितलंय?" असे कोणी विचारले तर दोन-चार सुटे मुद्दे सोडून काही आठवत नाही.

कथा-कादंबरीत पुढे काय झाले ही ओढ वाचकाला नेत राहते. माहितीपर मजकुरात लेखकाने माहिती कोणत्या हिशोबाने लावली आहे, ते वाचकाला स्वतः शोधावे लागते. शाळेत उतारा वाचून उत्तरे लिहिताना उत्तर कुठल्या ओळीत आहे ते हुडकायची सवय लागते, पण उतारा कसा बांधला आहे ते पाहायची सवय लागत नाही. ती लावण्यासाठी पुढच्या पायऱ्या आहेत. एकदम सगळ्या करू नका. पहिल्या आठवड्यात पहिल्या दोन पुरेत.

## सोबत काय ठेवायचे

- शिसपेन्सिल आणि खोडरबर. पेन किंवा हायलायटर नको. मांडणीबद्दलचा पहिला अंदाज बरेचदा बदलतो आणि रंगवलेली ओळ पुसता येत नाही.
- रफ वही, शक्यतो बिनरेघांची, कारण आकृत्या काढायच्या आहेत.
- सरावाचा मजकूर, प्रत्येकी ४ ते ६ पानांचा: पाठ्यपुस्तकातले एक प्रकरण, शेतीविषयक एक माहितीपत्रक, वर्तमानपत्रातला एक अग्रलेख आणि एक शासन निर्णय. चारही वेगळ्या जातीचे हवेत. एकाच प्रकारावर सराव केला तर तोच साचा सगळीकडे दिसायला लागतो.
- वाचनालयाचे पुस्तक असेल तर त्या पानांची झेरॉक्स. वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिलीनेही खूण करायची नाही.

पुस्तके मिळवायला नाशिककरांना लांब जावे लागत नाही. सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपले 'सावाना', १८४० पासून आहे. सभासद होताना बहुतेक वाचनालयांत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि अनामत रक्कम लागते. नेमके काय हवे ते आधी काउंटरवर विचारून घ्या. संदर्भ विभागातली पुस्तके सहसा घरी देत नाहीत, तेव्हा वही बरोबर न्या.

## पायरी १ : वाचण्याआधी सांगाडा पाहा

यासाठी पाच मिनिटे द्या. मजकूर वाचायचा नाही, फक्त पाहायचा. क्रम असा ठेवा: शीर्षक, उपशीर्षके, पहिला परिच्छेद, शेवटचा परिच्छेद, मग तक्ते, आकृत्या आणि त्यांच्याखालच्या ओळी.

पुस्तक असेल तर अनुक्रमणिका आणि सूची यांतला फरक ध्यानात ठेवा. अनुक्रमणिका पुढे असते, प्रकरणांच्या क्रमाने लावलेली. लेखकाची मांडणी तिच्यातून कळते. सूची मागे असते, अकारविल्हे. एखादा शब्द कुठल्या पानांवर आला आहे तेवढेच ती सांगते. सूचीत 'क्ष' आणि 'ज्ञ' सापडले नाहीत तर गोंधळू नका. काही ग्रंथांत ते 'क' आणि 'ज' यांच्याखाली लावतात, काहींत अगदी शेवटी. दोन्हीकडे पाहा.

मुक्त विद्यापीठाच्या स्वयं-अध्ययन पुस्तकांत बहुधा घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे आणि शेवटी सारांश असतो. पुष्कळ विद्यार्थी उद्दिष्टे ओलांडून पुढे जातात. असे करू नका. "या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला कारणे स्पष्ट करता येतील" असे लिहिले असेल, तर घटक कारण-परिणामाच्या अंगाने लिहिला आहे हे लेखकाने स्वतःच सांगून टाकलेले असते.

## पायरी २ : शीर्षकाचा प्रश्न करा

प्रत्येक उपशीर्षकाशेजारी पेन्सिलीने एक प्रश्न लिहा. 'गोदावरीचे प्रदूषण' हे शीर्षक मोघम आहे. ते 'का होते?' की 'किती आहे?' की 'कसे थांबवायचे?' हे मजकुराचा पहिला परिच्छेद पाहून ठरवा. प्रश्न ठरला की मांडणी जवळजवळ ठरते. रोज भेटणारे प्रश्न सहाच:

१. ते कसे आहे, त्याचे भाग किंवा प्रकार कोणते? (वर्णन)
२. आधी काय, मग काय? (क्रम)
३. कशामुळे काय झाले? (कारण-परिणाम)
४. हे त्याहून कुठे वेगळे, कुठे सारखे? (तुलना)
५. अडचण काय, तोड काय? (अडचण-उपाय)
६. लेखकाचे म्हणणे काय आणि ते का मानायचे? (दावा-पुरावा)

शीर्षकावरूनच प्रश्न पक्का करून टाकणे ही इथली नेहमीची चूक. 'कांद्याचे अर्थकारण' नावाच्या लेखात अर्थकारण थोडे आणि लेखकाचा दावाच मोठा असे होऊ शकते. शेवटचा परिच्छेद पाहिल्यावर प्रश्न बदलावासा वाटला तर बदला.

## पायरी ३ : सहा मांडण्या ओळखा

वर्णन. ही सगळ्यात सोपी. फक्त वर्णन कुठल्या दिशेने चालले आहे ते बघा. नाशिक जिल्ह्याचे वर्णन करणारा लेखक पश्चिमेकडून निघेल: इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा भरपूर पावसाचा पट्टा, मग पूर्वेकडे सिन्नर, येवला, नांदगाव हा कोरडा भाग. दुसरा लेखक जिल्ह्याचे १५ तालुके प्रकारांनुसार गटांत पाडेल. दिशा कळली की पुढचा परिच्छेद कशाबद्दल असेल याचा अंदाज आधीच येतो.

क्रम. कृती, प्रक्रिया, इतिहास यांत हा येतो. मजकुरात जे आधी लिहिले तेच आधी घडले असे वाचक धरून चालतो आणि तिथे फसतो. द्राक्षबागेबद्दलचे हे वाक्य पाहा: "ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर घड बाहेर पडतात; मात्र त्यांची सूक्ष्म घडनिर्मिती एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढलेल्या काडीत आधीच झालेली असते." वाक्यात ऑक्टोबर पहिला आला, बागेत एप्रिल पहिला येतो. 'आधीच', 'तोपर्यंत', 'त्यापूर्वी', 'दरम्यानच्या काळात' हे शब्द दिसले की थांबा आणि समासात घटनांना खरे क्रमांक द्या.

क्रमाचा दुसरा सापळा म्हणजे आकड्यांचा क्रम. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांची माहिती देणाऱ्या पुस्तिका लेणी १ ते २४ अशा क्रमाने सांगतात. हा क्रम जागेचा आहे, काळाचा नाही. सातवाहन राजा कण्ह याच्या काळातला लेख १९ क्रमांकाच्या लेण्यात आहे आणि ते लेणे या समूहातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख १० क्रमांकात आहेत, तर नहपानाचा पराभव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख ३ क्रमांकात. पुस्तिका सरळ वाचून सातवाहन-क्षत्रप संघर्षाचा इतिहास लिहायला गेलात तर तो उलटा होईल. मजकुराचा क्रम एक आणि तुम्हाला हवा असलेला क्रम दुसरा असेल, तर वहीत नवी यादी करावीच लागते.

कारण-परिणाम. परीक्षेत सर्वांत जास्त प्रश्न यावर येतात आणि गोंधळही इथेच जास्त होतो, म्हणून इथे वेळ द्या. हा नमुना वाचा:

> त्र्यंबकच्या डोंगरात पाऊस लागून राहिला की गंगापूर धरणात पाण्याची आवक वाढते. धरण भरत आलेले असेल तर विसर्ग करावा लागतो. ते पाणी होळकर पुलाखालून रामकुंडाकडे येते आणि गोदाघाटावरच्या टपऱ्या हलवाव्या लागतात. पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत चढले यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात.

पहिली तीन वाक्ये साखळीची आहेत: पाऊस, आवक, विसर्ग, घाटावर पाणी. दुसऱ्या वाक्यातला 'भरत आलेले असेल तर' हा भाग अट आहे. धरण रिकामे असेल तर साखळी तिथेच तुटते. चौथे वाक्य कारणही सांगत नाही आणि परिणामही. पूर मोजायची रीत सांगते. मारुतीवर पाणी चढल्यामुळे पूर येतो असे कोणी म्हणणार नाही. पण अनोळखी विषयातल्या अशाच वाक्यात मोजमापाला कारण समजण्याची चूक नेहमी होते.

साखळी आणि अनेक कारणांचा एक परिणाम हे दोन नमुने वेगळे ठेवा. साखळीतला एक दुवा काढला तर शेवटचा परिणाम होत नाही. पाच स्वतंत्र कारणे असतील तर एक काढले तरी परिणाम राहतो, फार तर कमी होतो. ओळखायची कसोटी अशी: प्रत्येक कारण बोटाने झाका आणि उरलेला मजकूर खरा राहतो का ते पाहा.

तुलना. ही दोन तऱ्हांनी लिहितात. एकीत लाल कांद्याबद्दल सगळे सांगून मग उन्हाळ कांद्याबद्दल सगळे सांगतात. दुसरीत एकेक मुद्दा घेतात: लागवडीचा हंगाम दोघांचा, मग टिकवणक्षमता दोघांची (लाल कांदा काढणीनंतर लवकर विकावा लागतो, उन्हाळ कांदा कांदाचाळीत काही महिने राहतो), मग भाव दोघांचा. पहिल्या तऱ्हेत सापळा मोठा. लेखकाने एका बाजूला मांडलेला मुद्दा दुसऱ्या बाजूला गाळलेला असतो आणि सलग वाचताना ते कळत नाही. तक्ता केला की रिकामा रकाना लगेच दिसतो. तो आपल्या मनाने भरू नका. रिकामा ठेवा, लेखकाने काय सांगितले नाही, तेही त्यातून कळते.

अडचण-उपाय. शेतीची माहितीपत्रके बहुतेक अशीच असतात. द्राक्षावरच्या डाऊनीचे पत्रक घ्या: रोगाची ओळख, लक्षणे (पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग, खालून पांढरी बुरशी), अनुकूल हवामान, मग उपाय. घाईतला वाचक थेट शेवटच्या भागावर उडी मारतो. पण उपाय कधी लागू आहे हे 'अनुकूल हवामान' या भागात असते, आणि हा भाग आतून कारण-परिणामाचा असतो: पाने ओली राहिली की बुरशी रुजते. तो गाळून फवारणी केली तर वेळ चुकते. उपायाशेजारी 'कोणत्या अवस्थेत?' आणि 'कशाच्या आधी?' हे दोन प्रश्न लिहून ठेवा.

दावा-पुरावा. अग्रलेख, वैचारिक लेख, अहवालाच्या शिफारशी. दावा शोधायची कसोटी: ज्या वाक्याशी शहाणा माणूस असहमत होऊ शकतो, ते वाक्य दाव्याचे. "गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते" हा दावा नव्हे. "गोदाकाठावर नवे बांधकाम नको" हा दावा. मराठी अग्रलेखांत तो पुष्कळदा शेवटच्या परिच्छेदात येतो, म्हणून पहिल्या पायरीत शेवट आधी पाहायला सांगितले. 'असे म्हटले जाते की', 'कोणी म्हणेल' यांच्यामागून आणि 'हे खरे असले तरी' याच्या आधी बहुधा विरोधकाचे म्हणणे येते. ते लेखकाच्या तोंडी घातले तर सगळा लेख उलटा समजतो.

## पायरी ४ : जोडशब्द तपासून घ्या

त्यामुळे, परिणामी, याउलट, त्यानंतर, उदाहरणार्थ, त्यासाठी असे शब्द मांडणीचा माग देतात. त्यांच्याभोवती पेन्सिलीने गोल करा. पण मार्गदर्शिकांत अशा शब्दांची यादी पाठ करायला सांगतात ते अपुरे आहे, कारण मराठीत एकच शब्द निरनिराळी कामे करतो.

'तर' हा सर्वांत फसवा. "पाऊस झाला तर पेरणी होईल" यात अट, "पेठला पाऊस, तर येवल्यात कोरड" यात तुलना, "तर आपण धरणांबद्दल बोलत होतो" यात मूळ विषयाकडे परतणे. 'म्हणून' कधी परिणाम दाखवतो ("उशीर झाला म्हणून गाडी चुकली"), कधी हेतू ("पाणी मिळावे म्हणून विहीर खोदली") आणि कधी नुसती ओळख ("दुतोंड्या मारुती म्हणून प्रसिद्ध"). हेतू म्हणजे परिणाम नव्हे. विहीर खोदली, पाणी लागले की नाही ते त्या वाक्यात नाही.

'नंतर' आणि 'मुळे' यांची गल्लत तर रोजची. "बाजार समिती बंद राहिल्यानंतर भाव घसरले" एवढेच लिहिले असेल तर लेखकाने फक्त क्रम सांगितला आहे. कारण सांगायचे धाडस त्याने केलेले नाही, तुम्हीही करू नका.

बातमीतला 'दरम्यान' हा वेगळाच. परिच्छेदाच्या सुरुवातीला "दरम्यान," आले की पुष्कळदा नवा मुद्दा सुरू होतो आणि मागच्या परिच्छेदाशी त्याचा कार्यकारण संबंध असेलच असे नाही. तिथे समासात आडवी रेघ मारा.

उलट बाजूही लक्षात ठेवा. मराठीत कारण कित्येकदा जोडशब्दाशिवाय येते: "पाने ओली राहून बुरशी वाढली" यात कारण फक्त 'राहून' या क्रियापदात आहे. नुसते जोडशब्द शोधणाऱ्याच्या नजरेतून ते सुटते. जोडशब्द सापडला तरी दुसऱ्या पायरीतल्या प्रश्नाशी तो जुळतो का, हे पाहिल्याशिवाय खूण पक्की करू नका.

## पायरी ५ : समासात खुणा

परिच्छेदांना क्रमांक द्या. मग प्रत्येकाशेजारी सहा मांडण्यांच्या आद्याक्षरांपैकी एकच खूण: व, क्र, का, तु, अ, दा. एका परिच्छेदाला दोन खुणा द्याव्याशा वाटल्या तर त्यातले मुख्य वाक्य कोणते ते ठरवा आणि त्याचीच खूण लिहा.

सगळ्या खुणा वरून खाली वाचा. व, व, का, का, का, अ, अ असे दिसले तर मजकुराचे तीन तुकडे आहेत आणि सांधे दुसऱ्या-तिसऱ्या व पाचव्या-सहाव्या परिच्छेदांमध्ये आहेत. टिपणे या सांध्यांवर पाडा. प्रत्येक परिच्छेदाची एक ओळ लिहीत गेलात तर मूळ मजकुराचीच छोटी नक्कल हाती येते.

खुणा व, तु, का, व, दा, तु अशा विस्कळीत आल्या तर दोन शक्यता: बाहेरची मांडणी एक आणि आतली दुसरी आहे, किंवा मजकूरच वाईट लिहिला आहे. दुसरी शक्यता नवखे वाचक धरतच नाहीत, छापील पानावर त्यांचा फार विश्वास असतो. वाईट मजकूर तुम्हाला वहीत नव्याने लावावा लागेल. त्यात तुमचा दोष नाही.

## पायरी ६ : मांडणीप्रमाणे आकृती

वर्णनाला फांद्या, क्रमाला क्रमांकांची उभी यादी, कारण-परिणामाला बाण, तुलनेला तक्ता, अडचण-उपायाला दोन रकाने आणि मध्ये 'केव्हा' हा तिसरा, दाव्याला वर एक वाक्य आणि खाली पुराव्यांची ओळ. आकृती अर्ध्या पानात मावली पाहिजे. मावत नसेल तर तुम्ही तपशील उतरवत आहात.

## पायरी ७ : शासन निर्णय

शासन निर्णयाची मांडणी ठरलेली असते, तरी लोक चुकतात. वर विषय, विभागाचे नाव, क्रमांक, दिनांक. मग 'वाचा' या मथळ्याखाली आधीच्या निर्णयांची यादी. मग 'प्रस्तावना'. मग 'शासन निर्णय' या मथळ्याखाली प्रत्यक्ष आदेश. शेवटी राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने सही आणि 'प्रति' यादी.

वाचायचा क्रम मात्र वेगळा ठेवा: विषय आणि दिनांक, लगेच 'शासन निर्णय' हा भाग, मग प्रस्तावना, शेवटी 'वाचा'. प्रस्तावना अडचण सांगते. तिथे "अशी बाब शासनाच्या विचाराधीन होती" असे असेल तर तो आदेश नव्हे. आदेश हवा असेल तर मथळ्याखालच्या क्रमांकित परिच्छेदांतच शोधा, आणि 'करावे', 'राहील', 'करता येईल' यांतला फरक पाहा. शेवटच्यात मुभा आहे, सक्ती नाही. 'अधिक्रमित' हा शब्द आला तर 'वाचा' यादीतला कोणता जुना निर्णय रद्द झाला ते क्रमांकानिशी टिपून ठेवा. परिशिष्टे जोडलेली असतील तर पात्रतेच्या अटी आणि अर्जाचा नमुना बहुधा तिथे असतात. नुसते पहिले पान डाउनलोड करून समाधान मानू नका.

## पायरी ८ : पुस्तक मिटून तपासा

फक्त आकृती समोर ठेवून मजकूर पाच वाक्यांत मोठ्याने सांगा. अडखळलात तर कुठे अडखळलात त्यावरून काय चुकले ते कळते. मुद्दे आठवतात पण जुळत नाहीत: सांधे चुकले, पायरी ५ पुन्हा. जुळतात पण 'का' सांगता येत नाही: क्रमाला कारण समजलात किंवा कारणाला क्रम, पायरी ३ आणि ४. लेखक कोणत्या बाजूचा हे सांगता येत नाही: दावा सापडलेला नाही, शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचा.

अभ्यासिकेत सोबती असेल तर दोघांनी एकाच झेरॉक्सवर वेगवेगळ्या खुणा करून ताडून पाहा. जिथे खुणा जुळत नाहीत, त्या परिच्छेदातले नेमके वाक्य दाखवून आपली खूण समोरच्याला पटवायची. वाक्य दाखवता आले नाही तर खूण खोडायची.